साडेतीनचा आळ

१

वाल्मीक अहिरे गायधनींच्या दारात सोनं द्यायला उभा राहिला, तेव्हा आतून वेलचीचा वास यायला हवा होता. आला तो जळक्या व्हार्निशचा.

हा वास वाल्मीकला बायकोच्या हातच्या भाजीपेक्षा जास्त ओळखीचा. सटाण्याहून नाशिक रोडला येऊन त्याला तीस वर्षं झाली, आणि ती तीसही वर्षं जळालेल्या मोटारी उकलून त्यांत नवी तार भरण्यात गेली. नुसत्या वासावर तो सांगायचा, मोटार ओझ्यानं जळली, ओलीनं जळली की मालकाच्या अकलेनं. त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. बरोबर साडेसहा.

“आज दसरा, अन् घरात मोटार कोनी जाळली, काकू?” हातातली आपट्याची पानं पुढे करत त्यानं विचारलं.

मालिनीकाकू सोनं घ्यायचंच विसरल्या. “बघा ना वाल्मीकभाऊ. वल्लरीचा अमेरिकेचा मिक्सर. आजच्या दिवशी.”

‘आजच्या दिवशी’ हे त्या असं म्हणाल्या, जणू उद्या जळाला असता तर चाललं असतं. कारण मालिनीकाकूंच्या राज्यात दसऱ्याला यंत्रांना सुट्टी. सकाळी शिलाई मशीन, लॅपटॉप, मिक्सर, सगळ्यांच्या पिना काढायच्या, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बोट लावायचं नाही. फ्रिजला तेवढी सूट होती, तीही दुधाकडे बघून. असल्या दिवशी कोणीतरी चोरून मिक्सर चालवला होता, आणि जाळून ठेवला होता.

स्वयंपाकघरात वल्लरी कमरेवर हात ठेवून उभी होती. नऊ वर्षं अमेरिकेत काढून दहा दिवसांपूर्वी ती कायमची परत आली होती, आणि इथल्या नोकरीवर रुजूही झाली होती. ओट्यावर तो लाल मिक्सर, गळ्यात माळ घालून मेलेला. तिच्या तिकडच्या पहिल्या पगाराचा.

“आम्ही दोघी जेवून भगूरच्या देवीला गेलो होतो, काका. सहाला आलो तर हा वास,” वल्लरी म्हणाली. “आणि कोणी केलं तेही मला कळलंय. म्हणून तर जास्त वाईट वाटतंय.”

गॅसजवळ पुऱ्यांची कणीक झाकून ठेवली होती. तिच्याशेजारी कुसाबाई पाठ करून उभ्या होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

२

वल्लरीचा तर्क चोख होता. शिकलेल्या माणसाचे तर्क चोखच असतात, म्हणून तर ते पटकन खोडता येत नाहीत.

अमेरिकेत घरातली वीज एकशेवीस व्होल्टची, आपल्याकडे दोनशेतीसची. तिकडचं यंत्र इकडे सरळ भिंतीत लावलं, तर जळणारच. म्हणून वल्लरीनं विटेएवढा एक जड ट्रान्सफॉर्मर आणला होता. त्याचा दोर भिंतीत जायचा आणि तोंडाशी तीन भोकं होती. दोन भोकांतून अमेरिकेपुरती वीज यायची. तिसऱ्यातून मात्र घरची वीज आहे तशी बाहेर पडायची. पहिल्या भोकात मिक्सर, दुसऱ्यात वल्लरीचं लाल आकड्यांचं अमेरिकन घड्याळ, तिसरं मोकळं.

“सकाळी आईनं मिक्सरची पिन काढली आणि ट्रान्सफॉर्मरचा दोर भिंतीतून काढला. घड्याळ त्यातच अडकवलेलं राहिलं, पण बंद,” वल्लरी सांगत होती. “आता बघा, ते चालू आहे. म्हणजे मधे कोणीतरी दोर परत भिंतीत लावला. हे घड्याळ वीज मिळाली की बारापासून मोजायला लागतं. इथे रोज कधी ना कधी लाइट जाते, म्हणून मी त्यात खरी वेळ लावायचंच सोडून दिलंय. सहाला मी आले तेव्हा त्यात अडीच वाजले होते. सहातून अडीच तास वजा करा.”

“साडेतीन,” वाल्मीक म्हणाला. घड्याळाकडे त्याची नजर गेली. दोन पंचावन्न.

“साडेतीनला बाबा खाली सोसायटीच्या हॉलमधे होते. सव्वातीनलाच गेले. आम्ही देवळात. घरात एकच माणूस होतं.” वल्लरीचा आवाज उतरला. “मी ओरडले नाही, काका. मी एवढंच म्हटलं, मावशी, चूक झाली असेल तर सांगा.”

आता कुसाबाई वळल्या. पंचावन्नच्या, ठेंगण्या, हरसूलच्या. एकोणीस वर्षं या घरात पोळ्या लाटत होत्या. वल्लरीचा दहावीपासूनचा डबा त्यांच्याच हातचा.

“मी हात नाय लावला,” त्या शांतपणे म्हणाल्या. “आजचा सण पार पाडते. उद्यापासून येत नाय. पहाटेच्या एसटीनं हरसूलला चालले.”

मालिनीकाकूंनी पदर तोंडाला लावला. साडेसातला सोसायटीच्या हॉलमधे जेवण होतं, आणि तोवर हा गुंता सुटला नाही तर एकोणीस वर्षांचं माणूस आळ घेऊन या घराची पायरी उतरणार होतं. सणासुदीला असं झालेलं वाल्मीकला बघवेना.

“ताई, मला अर्धा तास द्या,” तो म्हणाला. “पण एक हाय. माझ्या दुकानातबी आज पूजा झाली. पक्कड, पेचकस, काय हातात धरायचं नाय. जे काय बघायचं ते डोळ्यानं अन् नाकानं.”

३

वाल्मीकनं मिक्सरच्या जाळीला नाक लावलं. मोटार ओझ्यानं जळते तेव्हा हळूहळू शिजते, वास गोडसर आणि जुना लागतो. हा वास तिखट होता. ही मोटार शिजली नव्हती, भाजली होती. मिनिटभरात.

“हिला डबल व्होल्टेज बसलं,” तो म्हणाला.

“पण ट्रान्सफॉर्मर लावलेला होता ना?” वल्लरी म्हणाली.

तो ट्रान्सफॉर्मरपाशी वाकला. मालिनीकाकूंनी पूजा सढळ हातानं केली होती. तिन्ही भोकांच्या वर हळदकुंकवाची ओली बोटं ओढलेली, त्याखाली एकशेवीस कुठलं आणि दोनशेतीस कुठलं, सगळे आकडे गुडुप. पहिल्या भोकाच्या तोंडाशी कुंकू सुकून पापडी धरलेलं होतं, जसंच्या तसं. तिसऱ्या भोकाची पापडी मात्र फुटली होती. वाल्मीकनं मिक्सरची पिन उचलून बघितली. पितळेवर लाल भुकटी.

“मिक्सर तिसऱ्या भोकात घातला व्हता,” तो म्हणाला. “आकडे काकूंच्या कुंकवाखाली गेले, मानसाला वाटलं सगळी सारखीच.”

“म्हणजे मीच?” मालिनीकाकू मटकन खुर्चीत बसल्या. “मी देवाचं केलं हो.”

“तुम्ही पूजा केली. मिक्सर दुसऱ्यानं चालवला.”

“ते तर मी म्हणतेच आहे,” वल्लरी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तर्क सोडायला ती तयार नव्हती.

वाल्मीक ओट्याभोवती फिरला. फरशा लख्ख पुसलेल्या. अगदी आजच पुसलेल्या, ओल्या फडक्याच्या रेघा दिसत होत्या. पण त्या रेघा खांद्याच्या उंचीला येऊन थांबत होत्या. त्याच्या वर, एक्झॉस्ट पंख्याच्या जवळ, पिवळसर पांढरे चार ठिपके वाळले होते. वाल्मीकनं टाचा उंचावून एक ठिपका नखानं खरवडला आणि जिभेला लावला. केशर. वेलची. आंबट गोड.

तो कुसाबाईंकडे वळला. “भिंत तुम्ही पुसली, बाई?”

“रोज पुसते.”

“वरचं ऱ्हायलं.”

“माझा हात नाय पुरत तिथं.” त्यांनी कढईत उगाच झारा फिरवला. तेल अजून तापलंसुद्धा नव्हतं.

“काय सांडलं व्हतं?”

कुसाबाईंनी कणकेवरचं झाकण काढलं आणि परत ठेवलं. वाल्मीकनं पुष्कळ गिऱ्हाइकं बघितली होती. खोटं बोलणारा माणूस तपशील देतो, पाच मिनिटांत पाच कारणं सांगतो. ही बाई नुसती गप्प होती, आणि गप्प राहायला तिला त्रास होत होता.

“बाई, तुम्हाला म्हाईत हाय,” तो हळूच म्हणाला.

“मला काय ठाव नाय. मी साडेतीनला आले, कणीक मळली. तुम्ही जा, साहेबांचं श्रीखंड खाऊन या. वर्सातून एकदा मिळतं.”

वाल्मीक जिन्यावर गेला आणि तिसऱ्या पायरीवर थबकला. श्रीखंडच तर होतं भिंतीवर. पण श्रीखंडाचं पातेलं साडेतीनला घरात होतं का?

४

दिवाकरराव गायधनी नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झाले, त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून दसऱ्याचं श्रीखंड हे त्यांचं खातं. चक्का ते स्वतः टांगणार, पुरणयंत्रातून स्वतः फिरवणार, आणि बारा बिऱ्हाडांना स्वतः वाढणार. वाढताना एक वाक्य ठरलेलं असायचं, “हातानं घोटलेलं आहे, यंत्राचं नाही.” लोक मान डोलवायचे. न डोलवून सांगतात कोणाला?

हॉलमधे ते सतरंज्या झटकून घेत होते. वाल्मीकला बघताच त्यांनी पुढे होऊन सोनं दिलं. डाव्या हातानं.

दिवाकररावांसारखा सोवळा माणूस दसऱ्याला डाव्या हातानं सोनं देतो? वाल्मीकनं काही न दाखवता पानं कपाळाला लावली.

“वर फार ताणलंय का रे?” दिवाकररावांनी विचारलं. “कुसाबाई तशी नाही. मी वल्लरीला फोनवर म्हटलं, बाई, पुन्हा विचार कर. पण साडेतीनला मी इथे, ह्या दोघी देवळात. मलाही कोडंच आहे.”

हे ते इतक्या सरळपणे म्हणाले, की वाल्मीक चक्रावला. हा माणूस खोटं बोलत नव्हता.

“श्रीखंड कधी आणलं खाली, साहेब?”

“सव्वातीनला. विचार फकिराला, त्यानंच पातेल्याचा दुसरा कान धरला.”

दारातला वॉचमन फकिरा लगेच म्हणाला, “सव्वातीनच व्हते. माझी चहाची वेळ चुकली ना.”

“चव तर बघ,” म्हणत दिवाकररावांनी पातेल्यात डाव भरला, तोही डाव्या हातानं. वाल्मीकनं वाटीतला पहिला घास घेतला. हलकं, फुललेलं, तोंडात ठेवताच विरणारं. मग त्यानं स्वतःच डाव घालून तळातलं थोडं काढलं. हे घट्ट, दाट, दरवर्षीचं. एकाच पातेल्यात दोन श्रीखंडं.

“कसं झालंय?”

“यंदा वरचं लय भारी हाय,” वाल्मीक म्हणाला.

दिवाकररावांचे कान लाल झाले. “चला, वर वाट्या आणायला जायचंय,” ते घाईनं म्हणाले.

जिना चढताना वाल्मीकच्या डोक्यात गिरणी सुरू होती. मिक्सर श्रीखंडावर चालला. श्रीखंड सव्वातीनला घराबाहेर पडलं. मग मिक्सर सव्वातीनच्या आधी चालला. पण घड्याळ म्हणतं साडेतीन. दोघांपैकी एक जण खोटा होता, आणि श्रीखंड खोटं बोलत नाही.

“काय तरी गडबड शे,” तो स्वतःशीच पुटपुटला. मनात काही अडलं की त्याच्या तोंडी सटाणा यायचा.

५

स्वयंपाकघरात शिरताच त्यानं आधी मनगटावर पाहिलं. सात. मग शेल्फवर पाहिलं. लाल आकडे म्हणत होते, तीन वीस.

वाल्मीक एकदम हसला. इतका मोकळा हसला, की कुसाबाईंच्या हातातली पुरी तेलात पडायच्या आधीच थांबली.

“ताई, मी आलो तेव्हा किती वाजले व्हते?”

“साडेसहा.”

“अन् तुमच्या या घड्याळात दोन पंचावन्न. मी बघितलं. आता सात वाजले. अर्धा तास झाला. मग यात किती वाजायला हवे?”

“तीन पंचवीस,” वल्लरी म्हणाली आणि घड्याळाकडे वळली. तिनं फोनवरची वेळ पाहिली. पुन्हा घड्याळ पाहिलं. “पाच मिनिटं कमी? पण आज तर लाइट गेलीच नाही.”

“लाइटचा दोष नाय. ते बिचारं इमानी हाय, पन परदेशी हाय.” वाल्मीक स्टुलावर बसला. “वीज म्हंजे हेलकावे. तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकावे खाते, आपली पन्नास. हे घड्याळ हेलकावे मोजतं. साठ झाले की म्हनतं, झाला एक सेकंद. इथं साठ भरायला जास्त येळ लागतो.”

“पण ट्रान्सफॉर्मर आहे ना?”

“तो व्होल्ट कमी करतो, ताई. हेलकावे जेवढे येतात तेवढेच पुढं देतो. म्हनून हे दर तासाला धा मिनिटं मागं पडतं.”

वल्लरी बोटांवर मोजू लागली. तिला फार वेळ लागला नाही. चेहरा पडायलाही नाही. “अडीच तास, म्हणजे दीडशे मिनिटं. खरी एकशेऐंशी. पूर्ण तीन तास.” ती थांबली. “साडेतीन नाही. तीन वाजता.”

“तीनला मी घरात नव्हते,” कुसाबाई एवढंच म्हणाल्या.

 वाल्मीकला नाव ठाऊक होतं. पण त्यानं ठरवलं होतं, वेळ सांगायची, नाव सांगायचं नाही. आळ उतरला तेवढं पुरे. बारा वर्षांचा मान वल्लरीसमोर आणि काकूंसमोर उतरवणं हे काही त्याचं काम नव्हतं.

तेवढ्यात दाराशी वाट्यांचा ढीग खणखणला.

“तीन वाजता?” दिवाकरराव म्हणाले. “तीन वाजता तर मी लावला होता.”

६

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. ते स्वतःही जणू स्वतःकडेच बघत होते.

“पण माझ्या हातून जळला नाही तो,” ते गोंधळून म्हणाले. “मी लावला, तो भयंकर जोरात फिरला, जरा उडालंही भिंतीवर, पण मिनिटभरात श्रीखंड लोण्यासारखं झालं. आणि मग तो आपोआप थांबला. मला वाटलं, काम झालं की थांबत असेल. वल्लरीचा ओव्हन नाही का थांबत आपोआप?”

“तो थांबला नव्हता, बाबा,” वल्लरी म्हणाली. “तो गेला होता.”

“आणि वास?” मालिनीकाकूंनी विचारलं.

“तू एवढा धूप पेटवून गेलीस, मला दुसरं काय कळणार?” दिवाकरराव खुर्चीवर बसले. उजवं मनगट त्यांनी डाव्या हातानं धरलं. “साडेतीनला जळला म्हणालात, म्हणून मी निर्धास्त होतो. म्हटलं, माझ्यानंतर कोणीतरी लावला. नाहीतर मी कुसाबाईवर आळ येऊ दिला असता का?” त्यांनी मनगट पुढे केलं. “मनगट दोन महिने झाले धरलंय. पुरणयंत्र फिरवताना रडू येतं. दोन वाटे हातानं केले, तिसऱ्याला हात उचलेना. बारा वर्षं सगळ्यांना सांगत आलो, यंत्राचं नाही, यंत्राचं नाही. आता कोणत्या तोंडानं सांगू?”

“तुम्हाला ठाऊक होतं, मावशी?” वल्लरीनं विचारलं.

कुसाबाईंनी गॅस बारीक केला. “आले तर भिंतीवर श्रीखंड, अन् मशीन जळकं. कोन श्रीखंड करतं या घरात? साहेबांचा हात मी श्रावणापासून बघते. चहाचा कप डाव्या हातानं धरतात. मी म्हटलं, मानसाचा मान हाय, आपण कशाला बोला.”

“म्हणून तुम्ही नोकरी सोडून चालल्या होतात?”

“म्हणून नाय,” कुसाबाई म्हणाल्या. “मिक्सरचं काय, ते लोखंड हाय. तू लहानपनी माझा पदर धरून खोटं बोलायचीस, मी तोंड बघून वळखायचे. तू माझ्या तोंडाकडं बघितलं नाय गं. घड्याळाला विचारलं, अन् मला येऊन सांगितलं.”

 मोठ्या पगाराची, दोन देश पाहिलेली वल्लरी ओट्यापाशी गेली, कुसाबाईंच्या पायांना हात लावला आणि तिथेच फरशीवर बसून लहान मुलीसारखी रडली. “चुकलं माझं,” ती म्हणाली. दुसरं काही तिला सुचलं नाही, आणि दुसरं काही नकोही होतं.

कुसाबाईंनी पिठाचे हात तिच्या केसांना लागू नयेत म्हणून कोपरानंच तिला जवळ घेतलं. मालिनीकाकू डोळे पुसत देवघराकडे वळल्या आणि वाटेत नवऱ्याला म्हणाल्या, “आणि तुम्ही दसऱ्याला यंत्राला हात लावला, त्याचं मी नंतर बघते.” दिवाकररावांनी मान खाली घातली. पण हा राग ओळखीचा होता, त्यामुळे घराला जरा बरं वाटलं.

“मिक्सर मेला नाय, ताई,” वाल्मीक म्हणाला. “उद्या सकाळी दुकान उघडलं की आणा. आतली तार बारीक घेतो, वेढे दुप्पट भरतो. मग ट्रान्सफॉर्मरबी नको, सरळ भिंतीत लावा. तो नाशिक रोडचाच झाला म्हना.”

साडेसातला हॉलमधे पंगत बसली. दिवाकरराव डाव्या हातात डाव घेऊन उभे राहिले आणि खाकरले. 

“यंदाचं एक सांगायचंय,” ते म्हणाले. “वरचं श्रीखंड यंत्रात घोटलेलं आहे. खालचं माझं. आणि दोन्हीच्या मागे राहून ज्या बाईनं माझी लाज राखली, ती आज पुऱ्या वाढणार नाही. ती पहिल्या पानावर बसेल.”

पहिली पाच मिनिटं सगळे नुसते खात होते. मग तळमजल्यावरच्या चिमणाबाई आजींनी वाटी पुढे केली. “दिवाकर, बारा वर्षं तुझं मन मोडू नये म्हणून बोलले नाही. दरवर्षी गुठळ्या असायच्या रे. यंत्राचंच करत जा.”

हॉल हसला. दिवाकररावही हसले, आधी कसनुसे, मग खरोखरीचे. पुऱ्यांची परात वल्लरीनं उचलली होती, आणि पहिल्या पानापाशी ती घुटमळत उभी होती. पहाटेच्या एसटीचं विचारायचं होतं, पण तोंड उघडत नव्हतं.

कुसाबाईंनी श्रीखंडात पुरी बुडवली, सावकाश खाल्ली, आणि वर न बघताच विचारलं, “उद्या डब्याला काय करू?”

“उद्या मला सुट्टी आहे, मावशी,” वल्लरी कसंबसं म्हणाली.

“मग घरी बसून खा. मेथी आणते येताना.”

वल्लरीनं त्यांच्या पानात एकावर एक चार पुऱ्या वाढल्या, आणि कुसाबाई नको नको म्हणत असताना पाचवीही वाढली.